विद्यापीठातील विद्यार्थ्यांमध्ये पूर्णवेळ सेवा: माझे पाचारण कसे पारखावे?

प्रश्न: नगरकर_रसायन

सर्वांना सलाम.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यातला असून सध्या पुण्यात रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राला आहे. आमचे घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. वडील कांदा आणि ज्वारी करतात, आई मंडळीच्या महिला मंडळात आहे, आणि घरातून पदवीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. पुण्यात आलो तेव्हा पहिले सहा महिने मी कोणाशी फारसा बोलत नसे. इंग्रजीतून शिकवलेले समजत नव्हते, आणि समजत नाही हे सांगायचीही लाज वाटत होती. त्या काळात एका विद्यार्थी गटातील मुलांनी मला आपल्यात ओढून घेतले. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, म्हणून गटातले आम्ही दहा-बारा जण एका दाम्पत्याच्या घरी जमत असू. ताई कुकरला मूगडाळीची खिचडी लावत, दादा गॅसवर पापड भाजत, आणि खिचडी होईपर्यंत आम्ही मार्काच्या शुभवर्तमानातला एक उतारा वाचून त्यावर एकमेकांना प्रश्न विचारत असू. उत्तर देण्याची घाई कोणी करत नसे. संडेस्कूलच्या बक्षिसासाठी न वाचता पवित्र शास्त्र खरोखर वाचायला मी त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून शिकलो.

आता तेथील एका सेवकांनी मला विचारले आहे की, शिक्षण संपल्यावर मी दोन वर्षे पूर्णवेळ विद्यार्थिसेवेला द्यावीत का. मन तयार आहे, पण तीन गोष्टी अडतात.

पहिली गोष्ट घरची. शिक्षणासाठी काढलेले कर्ज अजून फिटायचे आहे आणि धाकट्या बहिणीचे नर्सिंगचे शिक्षण चालू आहे. वडील नाही म्हणाले नाहीत. "बघ बाबा, तुझं तू" एवढेच म्हणाले आणि गोठ्याकडे निघून गेले. ते त्यांचे निघून जाणे मला नकारापेक्षा जड जाते. दुसरी गोष्ट पैशाची. सेवकाला आपल्या निर्वाहासाठी साहाय्यदाते स्वतः शोधावे लागतात, आणि आमच्या मंडळीतील निम्मे लोक रोजंदारीवर जाणारे आहेत.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे आणि तिच्याविषयी मला कोणाशी मोकळेपणाने बोलता आलेले नाही. आमच्या भागातून आलेले कितीतरी विद्यार्थी घरात ख्रिस्ती आणि कागदावर हिंदू आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत. शीखांचा समावेश १९५६ साली आणि बौद्धांचा १९९० साली झाला, आपला झालेला नाही. माझ्या शेजारच्या खोलीतला मित्र याच कारणाने गटात येत नाही. त्याची शिष्यवृत्ती गेली तर शिक्षण थांबेल. मी उद्या सेवक म्हणून त्याच्या दारात उभा राहून "उघडपणे साक्ष दे" असे म्हणायचे का? माझ्या दाखल्यावर ख्रिस्ती लिहिलेले आहे, कारण आमच्या आजोबांना ते परवडले. ज्याला ते परवडत नाही त्याला बोलण्याचा मला काय अधिकार आहे?

ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: निवृत्त_प्राध्यापक

प्रिय नगरकर,

मी एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो. नोकरीच्या सगळ्या काळात आमच्या घरी विद्यार्थी येत राहिले, त्यामुळे तुमच्या खिचडीचा वास मला इथपर्यंत आला.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोघांची उत्तरे त्याच्या पोटात आहेत. आपल्या मुलखात विद्यार्थ्यांमधील ख्रिस्ती कामाला मोठा इतिहास आहे, आणि तो नव्या सेवकांना कोणी सांगत नाही. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत जी शाळा सुरू केली तिचेच पुढे विल्सन कॉलेज झाले. तिथल्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी १८३९ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि शाळेतली बहुतेक मुले पालकांनी काढून नेली. चार वर्षांनी नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला होता. तो अज्ञान वयाचा असल्यामुळे न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले, आणि मग त्याला पुन्हा जातीत घ्यावे की घेऊ नये यावर शहरभर वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर त्या वादात मुलाला परत जातीत घ्यावे या बाजूने उभे राहिले. नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याच्या भागात केलेल्या कामाविषयी माझ्या मनात फार आदर आहे. ते तरुण होते, विचार करून त्यांनी पाऊल उचलले आणि त्याची किंमत स्वतः मोजली. पण मला रात्री आठवतो तो धाकटा. आधी एका घरात, मग दुसऱ्या घरात, मग शास्त्र्यांच्या सभांमध्ये त्या पोराविषयी सगळे बोलले. हे प्रकरण माझ्यापुरते मी एका प्रश्नात बांधून ठेवले आहे: माझ्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्याचे पाऊल तो स्वतः उचलतो आहे, की माझ्या ओढीने ते उचलले जात आहे?

याच्या उलट दुसरी गोष्ट पाहा. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीत बसले असताना एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्याशी काव्याविषयी गप्पा मारल्या, नव्या कराराची एक प्रत हातात दिली आणि ती वाचून पाहण्यास सांगितले. पुढे १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागून लगेच आल्या नाहीत. मधली वर्षे दोघांनाही फार कठीण गेली आणि त्या आल्या तेव्हा स्वतःच्या विचाराने आल्या. त्या सहप्रवाशाने टिळकांचा पाठलाग केला नाही. त्याने जे दिले ते देऊन तो आपल्या वाटेने गेला. विद्यार्थ्यांमध्ये काम करणाऱ्याने या माणसाचा धडा गिरवावा असे मला वाटते, आणि त्यात एकाच गोष्टीची भर घालावी: आपण निघून जायचे नाही, जवळपास राहायचे.

तुमच्या शेजारच्या मित्राला दाखल्याविषयी तुम्ही चुकूनही विचारू नये. जी व्यवस्था माणसाला श्रद्धा आणि शिक्षण यांच्यापैकी एक निवडायला लावते तिच्याविषयी बोलायचे असेल तर ते व्यवस्थेशी बोलावे, त्या मुलाशी नव्हे. त्याला स्पेक्ट्रोस्कोपी समजत नसेल तर ती शिकवावी. तो दारात येईल त्या दिवशी दार उघडे असावे, एवढे तुमच्या हातात आहे.

कायद्याचेही दोन शब्द लिहितो. संविधानाचे कलम २५ धर्म पाळण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले की, प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. कलम २८ नुसार शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेतील कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. काही सेवक या कलमांकडे अडथळा म्हणून पाहतात. मला ती शुभवर्तमानाच्या स्वभावाला धरून वाटतात. विचारील त्याला उत्तर द्यावे, पण सौम्यतेने द्यावे, असे पेत्राने लिहिले त्यालाही आता दोन हजार वर्षे होत आली. विद्यापीठाच्या आवारात जमायचे असेल तर लेखी परवानगी घ्यावी, नसेल तर घरी जमावे, आणि अकरावी-बारावीची मुले येत असतील तर त्यांच्या आईवडिलांना आधी जाऊन भेटावे.

पूर्णवेळ सेवा की नोकरी, याविषयी माझे मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. युनियन ऑफ इव्हॅन्जेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया १९५४ साली स्थापन झाली. तिच्या रचनेत मला मोलाची वाटलेली गोष्ट अशी की, महाविद्यालयातील गट विद्यार्थी स्वतः चालवतात आणि शिकून बाहेर पडलेले पदवीधर आपल्या पगारातून व वेळेतून त्यांना हात देतात. पूर्णवेळ सेवक या दोघांच्या मध्ये राबतो; गट त्याचा नसतो. १९१२ सालच्या स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटची आणि कॅथलिक विद्यार्थ्यांच्या १९२४ सालच्या ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशनची धाटणी निराळी असली, तरी विद्यार्थ्याने पुढाकार घ्यावा हा आग्रह त्यांच्यातही दिसतो. असे असताना कर्ज फेडत, नोकरी करत, रविवारी कुकर लावणारे ते दाम्पत्य तुमच्या दृष्टीने सेवक आहे की नाही? पौलाने करिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवले आणि तेथेच सुवार्ता सांगितली. तुम्ही आधी दोन वर्षे नोकरी करावी, कर्ज उतरवावे, आणि मग पुन्हा हाच प्रश्न स्वतःला विचारावा, असे मला वाटते.

उत्तर २: वसतिगृहातली_ताई

प्राध्यापकसाहेबांच्या बाकी सर्व म्हणण्याशी मी सहमत आहे, पण शेवटच्या परिच्छेदाशी नाही. मी सहा वर्षे मुलींच्या वसतिगृहांमध्ये पूर्णवेळ काम केले. दिवसा साडेअकरा वाजता मेसच्या पायरीवर एखादी मुलगी एकटी रडत बसलेली असते तेव्हा नोकरी करणारे पदवीधर नोकरीवर असतात. रात्री हजेरीच्या वेळेला बाहेरच्या कोणाला आत येता येत नाही. या कामाला मोकळा वेळ असलेले माणूस लागते, आणि बावीस-तेवीस वर्षांच्या माणसाचे बोलणे अठरा वर्षांच्या मुलीला जितके जवळचे वाटते तितके पस्तिशीतल्या माणसाचे वाटत नाही, हे मी स्वतः दोन्ही वयांत अनुभवले आहे. "आधी नोकरी, मग बघू" म्हणणाऱ्या माझ्या वर्गातल्या मैत्रिणींपैकी एकही परत आली नाही. त्या वाईट नव्हत्या. घराचे हप्ते सुरू झाले, एवढेच.

पण तुम्ही येणार असाल तर माझ्याकडून झालेली एक चूक सांगते, कारण ती तुमच्या तिसऱ्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे.

माझ्या दुसऱ्या वर्षी आम्ही दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवसांचे शिबिर घेतले. मराठवाड्यातल्या एका गावाहून आलेली एक मुलगी पहिल्यांदाच आली होती. तिने घरी "मैत्रिणींबरोबर फिरायला जाते" असे सांगितले होते. शेवटच्या दिवशी आम्ही सगळ्यांचा फोटो काढला. मागे फळ्यावर वचन लिहिलेले होते, आणि ती पुढच्या रांगेत डाव्या बाजूला, पिवळ्या ओढणीत, डोळे बारीक करून हसत होती. मी तो फोटो त्याच संध्याकाळी फेसबुकवर टाकला. साहाय्यदात्यांना काम दिसावे, असा माझा हेतू होता. तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ वसतिगृहाच्या दारात आला. त्याने आरडाओरडा केला नाही, कोणाला शिवी दिली नाही. तिची बॅग उचलली आणि तिला घेऊन गेला. पुढचे सत्र तिने परीक्षा दिली नाही. तिच्या श्रद्धेविषयी ती अजून काही ठरवतच होती, आणि तिचे ठरवणे मी एका फोटोने सगळ्यांसमोर मांडून टाकले. तिला विचारले असते तर तिने नाही म्हटले असते. मला विचारायचे सुचले नाही, कारण माझ्या दृष्टीने ती तोपर्यंत आमची झाली होती.

त्या दिवसानंतर मी विद्यार्थ्यांचे फोटो काढणे बंद केले. साहाय्यदात्यांना दर महिन्याला जे पत्र पाठवते त्यात नाव, गाव, वर्ग यांपैकी काहीही लिहीत नाही. "किती जण आले, किती जणांनी निर्णय घेतला" असे विचारणाऱ्या साहाय्यदात्यांना मी नम्रपणे लिहून कळवले की तो आकडा माझ्याकडून मिळणार नाही. दोघांनी मदत थांबवली. बाकीचे राहिले. ती मुलगी दीड वर्षाने स्वतः फोन करून भेटायला आली, आम्ही दोघी कँटीनमध्ये बसलो आणि मी तिची क्षमा मागितली. ती कुठल्या निष्कर्षाला आली हे मी तिला विचारले नाही आणि इथेही लिहिणार नाही.

आणखी एक गोष्ट. वसतिगृहात तुमच्याकडे येणारा प्रत्येक जण आत्मिक प्रश्न घेऊन येत नाही. झोप लागत नाही, जेवण जात नाही, जगावेसे वाटत नाही, अशी मुले येतील. त्यांच्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण त्याच दिवशी त्यांना घेऊन समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जा. १४४१६ हा टेली-मानस या शासनाच्या मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवा आणि गटातल्या सर्वांना द्या. ऐकून घेणारे माणूस आणि उपचार करणारे माणूस यांतला फरक ओळखणे हे सेवकाच्या प्रशिक्षणात पहिल्या आठवड्यात शिकवायला हवे, आणि मी तो आग्रह जिथे संधी मिळेल तिथे धरते.

उत्तर ३: हिशेबनीस_सोलापूर

पैशाच्या बाजूविषयी कोणी लिहिलेले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. मी अशाच एका न्यासाचे हिशेब पाहतो.

ज्या संस्थेत जाल ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली आहे का, लेखापरीक्षण दरवर्षी होते का आणि सेवकांना भविष्यनिर्वाह निधी व आरोग्य विमा आहे का, हे आधी विचारा. विचारण्यात संकोच बाळगू नका. साहाय्याची रक्कम संस्थेच्या खात्यात यावी आणि पावती निघावी. स्वतःच्या खात्यात किंवा यूपीआयवर घेऊ नये. परदेशातील कोणी ओळखीचे ख्रिस्ती कुटुंब "तुझ्या कामाला" म्हणून पैसे पाठवू लागले तर स्पष्ट नाही म्हणा. परदेशी देणग्यांसाठी २०१० च्या कायद्याखाली संस्थेची नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घेता येते.

रोजंदारीवर जाणाऱ्या लोकांकडून पैसे घ्यावेत का, हा तुमचा सल मला समजला. आमच्याकडे एक आजी भाजी विकतात आणि दर महिन्याला पन्नास रुपये रुमालात बांधून आणतात. मी एकदा त्यांना नको म्हणालो, तर त्या दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. तुम्ही त्यांच्याकडे मागू नका, पण त्यांनी दिले तर पावती फाडून द्या आणि त्या पन्नास रुपयांचा हिशेब पन्नास हजारांच्या हिशेबाइतक्याच काळजीने ठेवा. विद्यार्थ्यांना मात्र कधीही पैसे, फी किंवा वस्तू वैयक्तिकरीत्या देऊ नका. गरज खरी असेल तर संस्थेमार्फत, लेखी अर्जावर आणि कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याला मिळेल अशीच मदत व्हावी. उपकाराखाली दबलेल्या माणसाला "नाही" म्हणता येत नाही.

उत्तर ४: स्पर्धा_परीक्षा_सदाशिव

मी ख्रिस्ती नाही आणि होण्याचा विचारही नाही. एका मित्रामुळे दोन वर्षे अशा गटात जात होतो, म्हणून लिहितो.

अभ्यासिकेत सकाळी सात ते रात्री दहा एकाच खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा कोणीतरी नावाने हाक मारते, ही किती मोठी गोष्ट आहे, हे बाहेरून कळत नाही. पूर्वपरीक्षेत दुसऱ्यांदा नापास झालो त्या संध्याकाळी गटातले दोघे जण माझ्या खोलीवर आले आणि काहीही न बोलता माझ्याबरोबर लक्ष्मी रस्त्याने नदीपर्यंत चालत आले. त्यांचा धर्म मला त्या दिवशी जितका समजला तितका कोणत्याही चर्चेत समजला नाही.

एक तक्रार मात्र नोंदवतो. एका शिबिरात बाहेरून आलेल्या वक्त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले, संथ गाणे सुरू केले आणि ज्यांना प्रभूला जीवन द्यायचे आहे त्यांनी हात वर करावा असे म्हटले. सभोवताली हात वर गेल्याची चाहूल लागली आणि मीही केला. खोलीवर येऊन मला स्वतःचा राग आला. पुढच्या रविवारी, ज्यांच्या घरी गट जमे त्या दादांना मी हे सांगितले. त्यांनी माझी समजूत घालण्याचा प्रयत्न केला नाही. "तो हात मी मोजलेला नाही, आणि असा प्रकार आपल्याकडे पुन्हा होणार नाही," एवढे बोलून त्यांनी ताट वाढले. म्हणूनच मी पुढेही जात राहिलो.

नगरकर_रसायन

सर्वांची उत्तरे दोन-तीनदा वाचली. आपण सर्वांनी इतका वेळ दिलात याबद्दल मनापासून आभारी आहे.

प्राध्यापकसाहेब आणि ताई यांची मते भिन्न आहेत आणि दोघांचेही मला पटते, त्यामुळे निर्णय आज होणार नाही. परीक्षा झाल्यावर कांदाकाढणीला गावी जात आहे. काढणी उरकल्यावर वडिलांशी बोलेन, आणि या वेळी कर्जाचा, बहिणीच्या फीचा आणि सेवकाच्या मानधनाचा आकडा कागदावर लिहून नेईन, म्हणजे त्यांना "तुझं तू" म्हणून उठावे लागणार नाही. संस्थेला भविष्यनिर्वाह निधीविषयी विचारणारे पत्रही लिहिले आहे.

शेजारच्या खोलीतल्या मित्राविषयी एवढेच सांगतो की काल रात्री आम्ही दोघांनी मिळून एनएमआरची अकरा गणिते सोडवली. शेवटच्या गणितात तो माझ्या पुढे होता. मी निघताना त्याने सहज विचारले, "रविवारी तू जेवायला कुठे जातोस रे?" मी पत्ता सांगितला आणि खिचडी असते असेही सांगितले. तो बरं म्हणाला आणि दिवा मालवून झोपला.